पंखांचा वारा

गडमुडशिंगी हे नाव मी दिवसातून आठ वेळा ओरडते. सतरा वर्षं झाली, कोल्हापूर-हुपरी गाडीवर कंडक्टर म्हणून, आणि माझा आवाज असा की डेपोतली माणसं मला भोंगा म्हणतात. त्या शुक्रवारी उचगाव सुटलं, मी दांडी धरून उभी राहिले, तोंड उघडलं, आणि 'गडमु' एवढंच बाहेर आलं. पुढचं नाव छातीत राहिलं. हवा ओढायला गेले तर ती गळ्यापर्यंत यायची आणि तिथनंच मागं फिरायची. अर्धं तिकीट झाल्यापासून माझी गाडी बायकांनी गच्च असते, आणि बायका हसल्या की सगळी गाडी हसते. एकजण म्हणालीच, "कंडक्टरबाई, अर्ध्या तिकिटात अर्धंच गाव व्हय?" मग पुढच्या सीटवरच्या एका म्हाताऱ्या पावण्यानं मान वळवून माझ्याकडं बघितलं आणि स्वतःच हाळी दिली, "मुडशिंगीवालं, उतरा की." मी दोरी ओढून घंटी दिली आणि माझ्या जागेवर बसले. मला आधी राग आला, त्या म्हाताऱ्याचा, त्या हसणाऱ्या बाईचा, आणि सगळ्यात जास्त माझ्या छातीचा. भीती वाटायला हुपरी यावी लागली. तिथं गाडीतनं उतरून चहाच्या टपरीपर्यंत तीस पावलं चालले आणि टपरीचा खांब धरून उभी राहिले, तेव्हा कळलं की हे आजचं न्हवं. वर्षभर मी जिना चढताना मधे थांबून फोन बघायचं नाटक करत होते.

आवाज मला आबानं दिला. आबा म्हणजे माझा बाप, पिराजी, उद्यमनगरात लेथवर कामाला, आणि मंगळवार पेठेत त्याला लेथमुळं कुणी ओळखत नव्हतं. कबुतरांमुळं ओळखायचे. आमच्या घराच्या गच्चीवर त्याची ढाबळ होती, फळ्यांची, जाळीची, वर पत्रा, आत कप्पे, आणि कप्प्याकप्प्यात जोड्या. सगळी गिरेबाज, उंच उडणारी. स्पर्धेच्या दिवशी पहाटे पंच गच्चीवर सतरंजी टाकून बसायचा, आबा पाखरं सोडायचा, आणि मग दिवसभर मान वर करून बसायचं. ज्याचं पाखरू जास्त तास आभाळात राहील आणि दिवस मावळायच्या आत आपल्याच ढाबळीवर उतरेल, तो जिंकला. उतरवायला हाक लागते. पोटातनं निघालेली लांब हाक, आऽऽ आऽऽ म्हणून, जी ठिपक्याएवढ्या दिसणाऱ्या पाखराला ऐकू जाते. आबानं ती मला शिकवली, कारण त्याला मुलगा नव्हता आणि मी ऐकणारी नव्हते. लग्न मोडून मी माहेरी आले तेव्हा सगळी पेठ हळहळली, आबा एवढंच म्हणाला, "बरं झालं, मादी पाखरं आता तू बघ." कबुतरांच्या नादात मी एकटी बाई. पैजेला आलेली माणसं आधी दात काढायची आणि संध्याकाळी गप गुमान घरी जायची. मला हे सांगताना आजही बरं वाटतं, लपवत नाही.

मग आबाची उजवी बाजू गेली. लकवा. दवाखाना झाला, मालिश झाली, आणि मग ते झालं जे आमच्या पेठेत प्रत्येकाला माहीत असतं आणि कुणी कुणाला शिकवलेलं नसतं. कबुतराच्या पंखांचा वारा लागला की लकवा उतरतो. आई तर घोकत बसली, "क्रांते, देवानं औषध डोक्यावर ठेवलंय आणि आपण गावभर फिरतोय." आम्ही दोघींनी आबाची खाट गच्चीवरच्या खोलीत चढवली. ढाबळीच्या बाजूची भिंत फोडून तिथं जाळी बसवली, अशी की आतली हवा सरळ खाटेवर यावी. मी ड्युटीवरनं आले की बांबू घेऊन ढाबळीत शिरायची, बांबू हलवायची, आणि साठ-सत्तर पाखरं एकदम उडायची. सगळी खोली भरून जायची. मावळतीचं ऊन जाळीतनं तिरकं यायचं आणि त्यात बारीक धूळ फिरत राहायची, पिठासारखी. आबा अर्ध्या तोंडानं हसायचा. डावा हात उचलून आणखी, आणखी असं करायचा. मी घामाघूम होईपर्यंत बांबू फिरवायची. मला वाटायचं, माझ्यासारखी पोरगी लाखात नाही.

चौथ्या वर्षी तो खोकायला लागला. कोरडा खोकला, कफ नाही काही नाही. वाळत गेला. संध्याकाळी कणकण यायची, बोलताना दम लागायचा. पेठेतल्या डॉक्टरनं दमा सांगितला, वय झालंय म्हणाला. आईला वाटलं वारा कमी पडतोय. मलाही वाटलं. आम्ही बादशहाभाईकडनं आणखी वीस जोड्या आणल्या. बादशहाभाई म्हणजे शेजारच्या पेठेतला आबाचा जुना दोस्त, हुपरीच्या पैंजणांना घुंगरू लावायचं काम घरात चालायचं त्याच्या, आणि गच्चीवर त्याचीही ढाबळ. तो पिंजरे खांद्यावर घेऊन आला आणि म्हणाला, "पिराजीअण्णाला लागंल तेवढी न्या." चार महिन्यांनी आबा गेला. जाताना त्याची खाट जाळीला चिकटून होती. आम्हीच सरकवली होती.

आणि मला खोकला लागला तेव्हा आईनं मला कुठं बसवलं असेल? माझी सुट्टी मंगळवारी. मंगळवारी सकाळी मी ढाबळ खरवडून साफ करायची, मग आई चहा वर आणून द्यायची आणि म्हणायची, "बस जरा तितंच. वारा लागू दे छातीला." मी तासन् तास बसायची. संध्याकाळी थंडी वाजून ताप यायचा, हाडं दुखायची, बुधवारी ड्युटीवर छाती आवळल्यासारखी, गुरुवारी जरा बरं. आई म्हणायची, दगदग. मी म्हणायची, डिझेलचा धूर. माणूस स्वतःशी एवढं खोटं कसं बोलतो कुणास ठाऊक, पण मी चांगली तरबेज होते. पहिल्यांदा राजारामपुरीत छातीच्या डॉक्टरकडं गेले तेव्हाच त्या अनुजा मॅडमनी विचारलं होतं, "घरात कबुतरं, कोंबड्या, काही पाळलंय का?" मी म्हणाले, "घरात न्हाय." खरंच होतं की. घरात नव्हती, घराच्या वर होती. तेवढ्या खरेपणावर मी सात महिने पंप ओढला आणि पंपाचा काही उपयोग होत नाही म्हणून त्या बाईला मनात शिव्या दिल्या.

मला कळलं होतं, हे कबूल करायला पाहिजे. पावसाळ्यात मावशी आजारी पडली म्हणून कागलला दहा दिवस राहिले होते. पाचव्या दिवशी मी तिचा जिना न थांबता चढले. सातव्या दिवशी भांडणात जोरात ओरडले आणि खोकला आला नाही. परत आले, मंगळवारी ढाबळीत बसले, संध्याकाळी तापानं फणफणले. दोन आणि दोन चार होतात हे तिकीट फाडणाऱ्या बाईला कळत नाही होय? कळलं. पण ढाबळीत घारी नावाचं पाखरू होतं. आबाच्या शेवटच्या पट्टीच्या मादीची पिल्लं, त्यातली ही, फिकट डोळ्यांची, अकरा तास वर राहून माझ्या एका हाकेवर खांद्यावर उतरणारी. मी कळलेलं पुन्हा न कळल्यासारखं केलं आणि गडमुडशिंगीपर्यंत तसंच ओढत आणलं.

त्या शुक्रवारी ड्युटी संपल्यावर मी घरी गेले नाही, सरळ राजारामपुरी गाठली. मॅडमना म्हणाले, "कबुतरं हायत. शंभरावर हायत. पस्तीस वर्सं हायत." त्या रागावल्या नाहीत. त्यांनी छातीचा स्कॅन काढून आणायला लावला, आणि दुसऱ्या दिवशी तो दिव्यावर लावून बोटानं दाखवलं. सगळीकडं धुरकट, कडेला जाळं. पिसांवरची भुकटी, वाळलेल्या विष्ठेची धूळ, ती आत जाते, सगळ्यांना बाधत नाही, पण ज्याला बाधते त्याच्या फुप्फुसाला आतनं सूज येते. सूज गोळ्यांनी उतरेल. जिथं व्रण पडलाय ती जागा परत मिळणार नाही. आहे तेवढी राखायची. "आणि कबुतरं असताना गोळ्या म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं," त्या म्हणाल्या. "ताई, थोडी ठेवते, वर जात नाही, असलं काही चालणार नाही. एकही नको. ढाबळ पण नको. साफसफाई तुम्ही करायची नाही, तिथं उभं पण राहायचं नाही." मी मान हलवली. मग त्यांनी लिहिता लिहिता विचारलं, "घरात आणखी कुणाला असा त्रास?" मी म्हणाले, "आबाला दमा हुता." त्यांचं पेन थांबलं. "त्यांची खोली कुठं होती?" मी सांगितलं. भिंत फोडल्याचं सांगितलं, जाळीचं, बांबूचं, वीस जोड्यांचं. त्यांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाल्या, "आता खात्रीनं काही सांगता येणार नाही. आणि तुम्हाला माहीत नव्हतं." माहीत नव्हतं, हे ऐकून मला रडू यायला पाहिजे होतं. आलं नाही. मी औषधाची चिठ्ठी घडी घालून ब्लाऊजमधे ठेवली आणि बाहेर पडले. रिक्षाला हात न करता चालत निघाले, दर विजेच्या खांबापाशी थांबत. प्रत्येक खांबाला मला आबाचा डावा हात दिसत होता, आणखी म्हणून वर केलेला. बागल चौकात मी ठरवलं. कबुतरं जाणार, आणि आईला आबाचं सांगायचं नाही. ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची, तिला जगायला तेवढं एकच समाधान आहे की आपण नवऱ्याला चार वर्षं वाऱ्यावर जगवलं. ते मी काढून घेणार नाही. सगळा वाईटपणा मी घेईन, माझी पाठ रुंद आहे.

आईला म्हणाले, "कबुतरं द्यायची. डॉक्टरनं सांगितलंय, मला धूळ सोसंना." ती तांदूळ निवडत होती. ताट बाजूला ठेवून म्हणाली, "तुला सोसंना? तुझ्या बाचा जीव चार वर्सं कशावर टिकला? ज्यानं वाचवलं त्यालाच घराभाईर काढायला निघाली तू." मी ताटातला एक खडा उचलून टाकला. "बोल की. तोंडात काय मीठ धरलंयस?" एक वाक्य होतं माझ्याकडं. जिभेवर होतं, तयार. ते बोलले असते तर भांडण तिथंच मिटलं असतं. मी म्हणाले, "बादशहाभाई उद्या येतोय न्यायला." तिनं ताट उचललं आणि तेव्हापासून माझ्याशी बोलणं सोडलं. भाकरी वाढायची, पण ताट सरकवायची, हातात द्यायची नाही.

बादशहाभाई आला, मी अंगणात उभी राहून खालनं नावं सांगत गेले आणि तो वर पिंजरे भरत गेला. घारीचं नाव सांगताना मी ठसका आल्याचं केलं. तोही आता नाकाला रुमाल बांधून होता, मी सांगितल्यापासून. "आक्का, नेतो मी, पन तुला म्हाईत हाय," तो म्हणाला. मला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता एकसष्ट पाखरं परत गच्चीवर. उडणारं पाखरू दिलं म्हणून जात नाही, परत येणं हेच त्याचं शिक्षण. बादशहाभाईनं पुन्हा नेली, पंख दोऱ्यानं बांधले, पण दोरा आज ना उद्या सैल होतोच. तो म्हणाला, "ढाबळ हुबी हाय तवर त्यांचं घर हितंच. आणि जुन्या पाखरांचा तर भरवसाच न्हाय. ढाबळ पाड. आलं एखादं, तर पानी न्हाय, दाना न्हाय, हाक न्हाय. बसू द्यायचं न्हाय. दोन दिस फिरंल, मग समजंल त्याला." तो हे बोलत असताना माझ्याकडं बघत नव्हता. आबाला कबुतरं त्यानंच आणून दिली होती, आणि तो काही बुद्दू नाही. आम्ही दोघांनी तो विषय काढला नाही.

ढाबळ पाडली त्या दिवशी मी जादा ड्युटी मागून घेतली. चार माणसं लावली होती, आधी पाण्यानं सगळं भिजवून मग उखडायचं, पोत्यात भरून तोंड बांधायचं, भिंती धुवायच्या, जाळीची जागा विटांनी बुजवायची. सगळं कागदावर लिहून दिलं होतं, मॅडमनी सांगितलं तसं. मी हुपरीच्या चार फेऱ्या मारल्या. एकेक फळी मला ठाऊक होती, कुठली आबानं कुठल्या सालात ठोकली, कुठल्या खिळ्यानं माझा हात फाटला. गाडीत बसून मी मनात एकेक काढत गेले. संध्याकाळी घरी आले तर गच्ची मोकळी, ओली, आणि एवढी मोठी की मला जिन्याच्या तोंडाशीच थांबावं लागलं. जीव तुटत होता, साफ सांगते. तरी दुसऱ्या दिवशी घरातल्या गाद्या, पडदे, आबाची रजई, सगळं मी बाहेर काढायला लावलं. रजईवर आई बोलेल असं वाटलं होतं. तिनं नुसता तिच्यावरनं हात फिरवला आणि दिली.

पहिला मंगळवार ताप आला नाही. दुसरा मंगळवार आला नाही. गोळ्यांनी तोंड सुजलं, भूक राक्षसासारखी लागायची, पण खोकला निम्म्यावर आला. तिसऱ्या मंगळवारी संध्याकाळी मी पडवीत आडवी झाले होते, डोळे मिटून, आणि कपाळावर आईचा हात आला. खरखरीत, लसणाच्या वासाचा. बराच वेळ राहिला. मग गळ्याला लागला, मग पुन्हा कपाळाला. ती ताप शोधत होती. सापडला नाही तेव्हा हात काढून घेतला आणि तिथंच बसून राहिली, दिवा लावायची वेळ टळली तरी. मी डोळे उघडले नाहीत. मला वाटलं आता बोलेल, पण ती उठून आत गेली.

शनिवारी दुपारची ड्युटी होती. सकाळी दहाला मी केस विंचरत होते आणि गच्चीवर पायांचा तो आवाज आला, पत्र्यावर नखं वाजतात तसा. बाहेर येऊन वर बघितलं. पाण्याच्या टाकीवर घारी. एका पंखातनं दोरा लोंबत होता. ती ढाबळीच्या जागेकडं बघत होती, मान इकडून तिकडून करत, मग उडाली, एक घिरटी घेतली, आणि पुन्हा तिथंच. मला बघून तिनं गळा फुगवला. कोपऱ्यातला बांबू मी हातात घेतला, तोंडाला मास्क लावला, आणि पायरीवर पाय ठेवला. हुसकायला निघाले होते असं मी म्हणेन, पण खरं ते नव्हतं. मला तिला एकदा हातात घ्यायचं होतं. छातीशी धरायचं होतं, दोरा सोडवायचा होता, एकदाच, मग देऊन टाकली असती. एका वेळेनं काय होतंय, असं माझं मन आबाच्या आवाजात म्हणत होतं, आणि मी तिसऱ्या पायरीवर होते.

मागनं बांबू ओढला गेला. "खाली ये," आई म्हणाली. चार आठवड्यांतला पहिला शब्द. "तू खाली थांब. मी बघतो." मी म्हणाले, आई, मला फक्त, आणि तिनं माझ्या दंडाला धरून मला खाली उतरवलं, लहान पोरीला उतरवावं तसं. मग पदर नाकाला गुंडाळून ती चढली. चौदा पायऱ्या, अठ्ठ्याहत्तर वर्षं, मधे कुठं थांबली नाही. वर बांबू कठड्यावर आपटल्याचा आवाज आला. पंख फडफडले. पुन्हा आपटला. "जा बाई," आईचा आवाज, "जा. हितं काय न्हाय आता तुजं. जा की ग." पुन्हा पुन्हा. हाक माझ्या गळ्यात होती, पूर्ण, पोटातनं आलेली, आणि कितीतरी महिन्यांनी ती निघाली असती. मी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. घारी टाकीवरनं उठली, शेजारच्या गच्चीवर बसली, तिथंही आईनं बांबू उगारला, आणि मग ती उंच गेली, ठिपका झाली, आणि बादशहाभाईच्या पेठेच्या बाजूला सरकली.

आई उतरली. पातळाला टाकीवरची माती, एक बारीक पीस खांद्यावर. दारापाशी आली आणि उंबऱ्याच्या अलीकडंच थांबली. "क्रांते," ती म्हणाली, "तुज्या बाला बी संध्याकाळचाच ताप यायचा न्हवं?"

"म्हातारपणाचा ताप, आई," मी म्हणाले. "आबाला दमा हुता. डॉक्टरनंच सांगितलंतं."

तिनं माझ्याकडं बघितलं. एवढा वेळ बघितलं की मला मास्क लावलेला आहे याचं बरं वाटलं. "बरं," ती म्हणाली. मग खांद्यावरचं पीस दोन बोटांनी उचलून बाहेर टाकलं. मी पुढं होऊन तिचा हात धरायला गेले, ती मागं सरली.

"बादली भाईर न्हाणीत ठेव. धुतल्यालं पातळ दे, दारावर टाक," ती म्हणाली. "असल्या अंगानं आत न्हाय येत मी. आन् तू लांब सर, बाई. त्यावेळी मला कुणी सांगितलं न्हाय."

मी लांब सरले.